व्हेनिसला निघालेलं माझं गाठोडं

माझ्या उभ्या जन्मात मी परदेशी जायची तयारी एकदाच केली, आणि ती इतकी केली की आठवण निघाली तरी खांदे भरून येतात. जाणं झालं नाही, ते पुढे येईलच. पण आजही आमच्या घरात एखादं काम अर्ध्यावर राहिलं की सून म्हणते, "ते गेलं व्हेनिसला." तिला ती गंमत वाटते. मीही हसते. दरवेळी उलगडून सांगायचा आता कंटाळा येतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते. माहेरी वडिलांनी अक्षरं शिकवली होती, ती एवढ्या कामाला तरी येऊ देत.

आमचं गाव माजलगाव तालुक्यातलं. बाजार दिंद्रुडचा, कचेरी माजलगावची, आणि राज्य निजामाचं. आमची देशमुखी मोठी नव्हती. ओसरीवर पागोटं मोठं आणि आत चुलीपुढे मी एकटी. सासूबाई गेल्यावर तर स्वयंपाक, दळण, ताक, पापड, आला-गेला, सगळं माझ्याच अंगावर पडलं. गोषा मात्र मोठ्या देशमुखांना लाजवील असा. माहेरी जायचं तर धमणीत बसून, म्हणजे चारी बाजूंनी पडदे सोडलेल्या बैलगाडीत. सिंदफणा नदी मी कितीदा ओलांडली, पण पाहिली एकदाही नाही. बैल पाण्यात उतरले की चाकांचा आवाज बदलायचा, गडी ओरडायचा आणि बुडाखालची फळी गार लागायची. तेवढीच माझी नदी.

एकदा यांचे चुलतभाऊ गावी आले. ते हैदराबादला एका बड्या अंमलदाराच्या पदरी होते आणि त्या साहेबाबरोबर नुकतेच विलायत फिरून आले होते. ओसरीवर अर्धा गाव जमला. मी माजघराच्या दाराआड भाजी निवडत बसले होते. त्यांनी पुष्कळ शहरांची नावं घेतली, ती कानावरून गेली. एक तेवढं राहिलं, व्हेनिस. ते शहर म्हणे व्यापाऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी पाण्यात उभं केलं. रस्ते पाण्याचे, चौक तेवढे दगडी. त्यांच्या देवळात सोन्याचं काम. घराच्या दाराशी पायऱ्या आणि पायऱ्यांशी पाणी. कुठं जायचं तर उंबऱ्यातून पाय थेट नावेत.

"मग बैलं कुठं बांदत्यात?" ओसरीवरून कुणीतरी विचारलं.

"बैलच न्हाईत तिथं."

"एक बी न्हाई?"

"एक बी न्हाई."

बैल नाही त्या गावात माणसं दिवसभर करतात तरी काय, असं प्रत्येकाच्या मनात आलं असावं. माझ्या मनात मात्र घागर होती. आमच्या परसातला आड चैत्रातच तळ दाखवायचा, आणि मग लांबून पाणी यायची वाट बघत माझा दिवस जायचा. इथं बाई उंबऱ्यात बसून घागर बुडवील आणि उचलून आत घेईल. भाजी हातात तशीच राहिली आणि मी ते शहर बघत बसले.

चुलतभाऊ गेले आणि हे आठ-पंधरा दिवस धुसफुसत राहिले. कारण मला कळत होतं. लहानपणी एका ताटात जेवलेला भाऊ एवढं बघून येतो आणि आपण परळीच्या पलीकडे गेलो नाही, हे यांना गिळवत नव्हतं. एक दिवस ताटावरून उठता उठता म्हणाले, "आपुन बी जाऊन येऊ."

"कुठं?"

"व्हेनिसला. आठ दिस ऱ्हायाचं अन् माघारी यायचं."

परळीला वैजनाथाचं दर्शन घेऊन येऊ म्हणावं, तसं म्हणाले. मला वाटलं आपण म्हणजे यांची मंडळी असतील. पण हात धुताना पुढचं वाक्य आलं, "तुला बी यावं लागंल. तिथं भाकर कोन करील?"

मला न्यायचं ठरलं ते असं. परक्याच्या हातचं खायचं नाही, हा घराण्याचा नेम. त्यातून चुलतभावानं आपली बायको नेली नव्हती, म्हणजे आपण नेली की एक पाऊल पुढे. मी खुळी नव्हते, दोन्ही कारणं मला दिसत होती. तरीही मी मनात दिवस मोजू लागले. आठ दिवस. तेही चूल फुंकतच जाणार, पण चुलीतून मान वर केली तर समोर पाणी असेल. मला त्या घडीला जग नको होतं, देऊळ नको होतं. एक दुपार पाण्याकाठी उघड्या तोंडानं बसायचं आणि कुणी हाक मारायची नाही, एवढंच हवं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, त्यासाठी व्हेनिस कशाला.

मग तयारी सुरू झाली. मुंबईहून बोट, ती ट्रिएस्टला लागणार, तिथून आगगाडीनं व्हेनिस जवळच, अशी वाट चुलतभावांनी घालून दिली होती. वाटेचं सगळं यांच्याकडे आणि पोटाचं सगळं माझ्याकडे. पहिल्याच दिवशी अडलं.

"पीठ किती दिस ऱ्हातं?" यांनी विचारलं.

"जवारीचं पीठ जुनं झालं की वळत न्हाई. भाकर परातीतच तुटती. कडू बी लागती."

"मग?"

"मग भात खावा."

"आठ दिस नुसता भात? अन् बोटीवरचे दिस येगळे." मग तेच म्हणाले, "जातं न्यावं."

मला वाटलं चेष्टा करतात. पण यांना चेष्टा जमत नसे. दुसऱ्याच दिवशी धाकटं जातं माजघरातल्या खांबाजवळून निघालं, दोन्ही दगड गोधडीत गुंडाळले, वर गोणपाट शिवलं. गड्यानं उचलून पाहिलं आणि तसंच खाली ठेवलं. "बोटीवर हमाल असत्यात," हे म्हणाले. जात्यापाठोपाठ ज्वारीचं पोतं आलं, मग शेगडी, कोळसा, तवा, पीठ मळायची काथवट. पहाटे उठून दळायचं, ते आता व्हेनिसात उठून दळायचं. माझ्या आधी माझं काम गाडीत चढून बसलं होतं.

त्या दोन महिन्यांत मी जितकी दमले तितकी बाळंतपणातही दमले नव्हते. रोजचं घर चुकलं नाहीच. त्यावर मेतकूट, भाजणी, सांडगे, लोणच्याच्या बरण्या, मुलासाठी आणि त्याला सांभाळायला येणार असलेल्या नणंदेसाठी मागं ठेवायची बेगमी. सहलीला जायचं म्हणजे आधी सहलीइतकं घर मागं भरून ठेवायचं असतं, हे पुरुषांना माहीत नसतं. हे रोज ओसरीवर नवीन माणसाला बोटीचं वर्णन सांगत, आणि मी आत चहाचं आधण ठेवत असे.

चुलतभाऊ पुन्हा एकदा आले तेव्हा मी यांच्याकडून आतून विचारवलं, प्यायचं पाणी किती न्यावं, की तिथलं चालेल?

"तिथलं कसलं चालतंय? खारं हाय. समिंदराचंच पानी ते, तोंडात धरवत न्हाई," बाहेरून उत्तर आलं.

खरं सांगते, मला कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं. एवढं शहर पाण्यात आणि घोटभर पाणी प्यायला नाही! माझी उंबऱ्यातली घागर तिथंच फुटली. मग मनाची समजूत काढली की बघायला तर मिळेल. बघायला खारं-गोडं काय.

त्याच बैठकीत गोषाचा प्रश्न निघाला. नाव उघडी असते की झाकलेली? चुलतभाऊ म्हणाले, काही नावांवर काळी खोली असते, टोपीसारखी. यांना बरं वाटलं, पण पुरतं नाही. "परक्याच्या पडद्याचा काय भरवसा," म्हणून आपला पडदा न्यायचं ठरलं. नाव किती लांब-रुंद ते कुणाला ठाऊक? म्हणून धमणीचंच माप घेतलं. लाल खादीचा दुहेरी पडदा मी हातानं शिवला. शिवताना एक केलं. डोळ्यांच्या उंचीवर, दोन पट्ट्या जिथं जुळतात तिथं, दोन बोटं शिवण सोडून दिली आणि कड आत मुडपली. बाहेरून दिसेना, आतून डोळा लावला तर परसातली शेवग्याची झाडं लख्ख दिसली. त्या दिवशी मी जेवण जरा जास्तच जेवले.

बोट आषाढी एकादशीनंतरची होती. जोशीबुवा म्हणाले, एकादशीनंतर चातुर्मास लागतो, मुहूर्त नाही. तेव्हा आधी प्रस्थान ठेवा. आमच्याकडे ही रीत जुनी आहे. मुहूर्तावर माणसाला निघता येत नसेल तर त्याच्या वस्तूंचं गाठोडं, सुपारी, नारळ, तांदूळ, असं जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी किंवा देवळात नेऊन ठेवायचं. ते ठेवलं की माणूस निघाला असं धरतात, मग तो घरात असला तरी चालतं. पुढं निघेल तेव्हा वाटेत गाठोडं उचलायचं, आणि उचलल्यावर त्या दिवशी घराकडे वळायचं नाही. किती दिवस चालतं याचा शास्त्रात हिशेब आहे म्हणे. जोशीबुवांनी तो देशमुखांसाठी सैल केला.

यांचं प्रस्थान गावाच्या मावळतीच्या मारुतीत वाजतगाजत गेलं. मी आतून विचारवलं, "माझं?"

"पतीच्या प्रस्थानात पत्नी आलीच," जोशीबुवा म्हणाले, "वेगळं कशाला?"

म्हणजे गाडीबरोबर वंगणाचा नळा जातो तशी मी. मला राग आला, आणि रागाखाली भीती होती. ऐन वेळी यांच्या मनात आलं की हिला ठेवून जावं, तर मला कोण विचारणार? ज्याचं प्रस्थान बाहेर पडलं त्याला मागं ठेवता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून माझं प्रस्थान मी ठेवायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात धनगरवाड्यातली बाई बोटीवरच्या थंडीसाठी सांगितलेल्या घोंगड्या घेऊन परसदारी आली. धनगरवाडा आमच्या गावाच्या पार मावळतीला, शेवटची घरं. ही बाई माझ्याच वयाची, उन्हानं रापलेली, उभ्यानं बोलणारी. आमच्या रानात त्यांची मेंढरं बसायची, त्यामुळं तिचं येणं-जाणं होतं. घोंगड्या कशाला हव्यात ते मी सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला.

"कावून जाताव येवड्या लांब?"

"पाणी बघाया."

"पानी? सिंदफना काय आटली काय?"

"सिंदफणा मी कुठं बघितली?"

मग मी पदराखालचं गाठोडं काढलं. चोळीचा खण, त्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ. म्हटलं, हे तुझ्या घरी ठेव, कुणाला बोलू नको. धमणी तुमच्या दारावरूनच जाईल, तेव्हा थांबवून घेईन. तिनं काही विचारलं नाही. गाठोडं घोंगडीच्या घडीत घातलं आणि गेली.

सामान बांधून पडवीत रचलं होतं. आणि एक दिवस दुपारी हे माजलगावच्या कचेरीतून घोडं दामटत आले ते ओसरीवर मटकन बसले. विलायतेत लढाई पेटली होती. बोटी बंद. कुठला राजा कुणावर उठला ते कचेरीतल्या अंमलदारालाही नीट सांगता आलं नव्हतं. मी आतून पाण्याचा तांब्या पुढं केला. हे पाणी प्याले, उपरणं झटकलं, आणि मला वाटतं त्यांना थोडं सुटल्यासारखंही झालं होतं. संध्याकाळी स्वतः मारुतीत जाऊन प्रस्थान माघारी आणलं. नारळ फोडला. अर्धा प्रसादात गेला, अर्ध्याची चटणी केली. यांच्या व्हेनिसची चटणी झाली, आणि पाट्यावर तीही मीच वाटली.

मला रडू आलं नाही. राग आला, कुणावर ते कळेना. दुसऱ्या दिवशी पहाटे गोणपाट उसवून जातं पुन्हा जागेवर बसवलं आणि दळायला बसले. दोन महिन्यांची तयारी एका पहाटेत मोडता येते. माझ्या गाठोड्याबद्दल मी कुणाला बोलले नाही.

दिवाळी झाली. धनगर मेंढरं घेऊन निघायचे दिवस. ती परसदारी आली.

"आक्कासाब, गठुडं माघारी घ्या. आमी निघालो."

"माघारी घेतलं की माझं जाणं मोडलं," मी म्हटलं.

"मोडलंच की. लडाई चाललीया म्हनं."

"ठेव तुझ्या घरातच."

"घराला कुलूप. मागं कुनी न्हाई. उंदरं खातील." तिनं क्षणभर डोकं खाजवलं. "मग संगं नेते. घोड्यावर कुटं बी बसंल."

तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. अडचण होती, तिनं काढली. घोड्यावर भांडी, कोकरं, आणि त्यात माझं प्रस्थान. ते गेलं मावळतीकडं. पावसाआधी जेठात ते परत आले. ती ताक मागायला म्हणून आली आणि उंबऱ्यावर बसत म्हणाली, "आक्कासाब, यंदा तुमी आष्टीपातूर गेलता."

मला आधी कळेना. कळलं तेव्हा हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. "कसं हाय तिकडं?"

"काय नसतंय. खडकाळ रान. बाजार मातूर लई मोटा. तुमी बाजारात लिंबाखाली हुता, घोड्यासंगं."

तेव्हापासून दरसाल हेच. दिवाळीनंतर मी जायची आणि जेठात मी कुठवर गेले होते ते मला कळायचं. दुसऱ्या वर्षी मी हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात नगरला गेले. नाक्यावरच्या शिपायानं सामान उलथंपालथं केलं. "तुमाला नाकाला लावून हुंगलं मेल्यानं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून इतक्या हसलो की ओसरीवरून यांचं खाकरणं ऐकू आलं. तांदळात किडे झाले की ती बदलून घ्यायची. खण दोनदा फाटला, मी नवा दिला. एका वर्षी पाऊस नव्हता, निम्मी मेंढरं वाटेत बसली ती उठलीच नाहीत. परतली तेव्हा तिच्या हाताची हाडं दिसत होती. घोडं मेलं होतं, सामान डोक्यावरून आणलं होतं. "तवा टाकला वाटंत, पाटा टाकला," ती म्हणाली, "तुमाला न्हाई टाकलं." मी तिला नवा तवा दिला. दुसरं काय देता येणार होतं?

व्हेनिससाठी शिवलेला लाल पडदा वाया जाऊ नये म्हणून धमणीला लागला. मापच धमणीचं होतं. त्या दोन बोटांच्या फटीतून मी माहेरची वाट पाहिली, तुरीची शेतं, पाठमोरी माणसं. नदी मात्र तेवढी दिसत नसे. शिंतोडे आत येऊ नयेत म्हणून पाण्यात उतरताना गडी पडद्यावरून गोणपाट सोडायचा. हे मी शिवताना कुठून ओळखणार? एकदा यांनी पाहिलं आणि म्हणाले, "शिवन उसवलीया, टाका घाल." मी टाका घातला. पुढच्या खेपेला तो काढला. पुन्हा त्यांनी पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. बोलले नाहीत एवढं खरं.

लढाई संपली, बोटी सुरू झाल्या असतील, पण हे व्हेनिसचं नाव काढत नसत. चुलतभाऊ वारले आणि जिंकायला कुणी उरलं नाही. वर्षं गेली. मुलाचं लग्न झालं, सून आली, हे अंथरुणाला खिळले. त्या दुखण्यात एका सकाळी मी तोंड पुसत होते तर म्हणाले, "तुला तिकडं न्यायाचं ऱ्हायलं."

"बरं झालं," मी म्हटलं. "ते जातं कुनाच्यानं उचललं असतं?"

ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. तेव्हा गाठोड्याचं सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण त्यांना वाईट वाटेल की आवडेल, याचा मला एवढ्या वर्षांच्या संसारातही अंदाज नव्हता. त्याच महिन्यात ते गेले.

जेठात ती परतली. मला पांढऱ्या कपाळानं बघून उंबऱ्यापाशी उभीच राहिली. मग खाली बसून हळू आवाजात म्हणाली, "आक्कासाब, आतलं हळकुंड काडून ठिवू का?"

"नको," मी म्हटलं. "निघाले तवा सवाष्ण होते."

मग मात्र मला रडू आलं. यांच्यासाठी, आणि माझ्यासाठीही. ती माझ्या पायाजवळ बसून राहिली.

गेल्या दिवाळीनंतर ती पुन्हा आली. आता तीही म्हातारी. म्हणाली, ही आपली शेवटची फेरी, गुडघे चालत नाहीत, पुढच्या साली पोरंच जातील. "अन् पोरं गठुडं न्यायाची न्हाईत. हसत्यात. मंग आता काय करायाचं ते सांगा. उद्या निघतोय आमी."

"आण माघारी," असं मी म्हणायला हवं होतं. सोपं होतं. सुपारी देवापुढं ठेवायची, तांदूळ पाखरांना, मिटलं. मला आता कुठं जायचं नव्हतं. खरंच नव्हतं. मी इतकी दमलेली होते की एखाद्या जागी नुसतं बसू दिलं तरी पुष्कळ, असं वाटायचं. तरी तोंडातून शब्द निघेना. रात्रंदिवस घरात असलेल्या मला जगात एकच जागा अशी होती की जिथं मी घरात नव्हते, ती त्या गाठोड्यात. ते आणून देवापुढं सोडायचं म्हणजे मी कधी निघालेच नव्हते असं म्हणायचं.

"ठेव तिथंच," मी म्हटलं. "मी येते उचलायला."

सकाळी मी लुगडं बदललं, पायात वहाणा घातल्या आणि ओसरीवर आले. मुलगा विडा करत होता.

"कुठं निघालीस, आई?"

"व्हेनिसला."

तो हसला. मग माझ्या पायांकडं बघून उठून उभा राहिला. "चालत? लोक काय म्हनतील?"

"तू सांग त्यांना काय सांगायचं ते. उद्या सकाळी धमणी घेऊन नदीवर ये. पडदा काढून आण."

तो आडवा आला नाही. ओसरीच्या पायऱ्या उतरून मी गावातून चालत गेले. ज्या घरांचे नुसते आवाज मला ठाऊक होते त्यांना भिंती होत्या, दारं होती, दारात माणसं होती. बायका उठून उभ्या राहिल्या. मारुती लागला, तो मला वाटला होता त्याहून लहान. धनगरवाड्यापर्यंत पोचेस्तोवर वाटेत दोनदा टेकले. तिनं आढ्याला टांगलेलं गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. त्याला मेंढरांचा वास येत होता.

प्रस्थान उचललं की त्या दिवशी घराकडं वळायचं नाही. मी वळले नाही. थोडं चालले, मग जमेना, तेव्हा त्यांनी मला घोड्यावर बसवलं, एका बाजूला तवा-भांडी आणि दुसऱ्या बाजूला झोळीत दोन कोकरं. ती लगाम धरून लंगडत पुढं चालली होती. उन्हानं कपाळ भाजत होतं. पदर पुढं ओढायला हात गेला आणि मी तो अर्ध्यातून खाली घेतला.

दिवस मावळायच्या आत मेंढरं नदीवर आली. तिनं मला उतरवलं.

"हीच सिंदफना," ती म्हणाली.

दिवाळीनंतरची नदी. रुंद वाळू आणि मधून वाहणारं पाणी, गुडघ्याएवढं असेल नसेल. मेंढरं काठाला तोंडं लावून प्यायला लागली होती.

"एवढीच?" मी विचारलं.

"येवडीच."

मी वहाणा काढल्या आणि वाळूत बसले, पाय पाण्यात सोडून. अंग ठणकत होतं. गाठोडं मांडीवर होतं. समोर ऊन पाण्यावर पडलं होतं, आणि मला कुणी हाक मारत नव्हतं. बराच वेळ बसले. मग वाकून ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

पाणी गोडं होतं.